नाव आधी

घर भाड्याने देण्याआधी आमच्या घरमालकांनी पगार विचारला नाही, व्हिसा पाहिला नाही, आधीच्या मालकाचा रेफरन्सही मागितला नाही. लंडनमधल्या, वेम्बलीतल्या त्या टेरेस हाउसच्या दारात उभं राहून त्यांनी मला आणि माझ्या नवऱ्याला आळीपाळीने न्याहाळलं आणि विचारलं, "तुम्हाला काय पाठ आहे?"

नवरा गडबडला. तो बँकांच्या सॉफ्टवेअरमधला माणूस, त्याला वाटलं हा काहीतरी सिक्युरिटी क्वेश्चन असावा. त्याने स्वतःचा नवा मोबाइल नंबर सांगायला घेतला आणि शेवटच्या आकड्यांशी येऊन अडला. घरमालकांनी त्याच्यावरची नजर जी काढून घेतली ती जवळजवळ कायमची. मग माझी पाळी आली. मी नागपूरची. लहानपणी वडील रोज संध्याकाळी आम्हा भावंडांना हात जोडून बसवायचे आणि वंदना म्हणून घ्यायचे, ती अख्खी पालीतली. तीच मी त्या दारात उभ्या उभ्या सुरू केली आणि न अडखळता शेवटाला नेली. रस्त्यावरून जाणारी एक बाई थांबून बघत होती, पण एकदा सुरू केलेली वंदना मध्येच सोडायची आम्हाला सवय नाही.

डोळे मिटून त्यांनी सगळी ऐकली. मग विचारलं, "अर्थ येतो?"

"आता थोडा थोडा येतो. लहानपणी अजिबात येत नव्हता."

"उत्तम," ते म्हणाले आणि किल्ली माझ्या हातावर ठेवली. आम्हाला वरचा मजला मिळाला. खाली ते एकटेच राहायचे.

ते सोमाली होते, आणि कवी होते. आमचं बोलणं इंग्रजीत चालायचं, मधूनमधून त्यांचं सिनेमातून उचललेलं हिंदी. इथे मी ते मराठीत देते आहे. त्यांचं नाव मात्र देणार नाही. लपवण्यासारखं त्यात काही नाही. जगातल्या कुठल्याही सोमाली टॅक्सीवाल्याला विचारा, तो गाडी बाजूला घेऊन त्यांच्या दोन ओळी म्हणून दाखवेल. पण नियम त्यांचाच आहे. कवीचं नाव कवितेच्या आधी घ्यायचं, बापाचं आणि आजोबांचं जोडून पूर्ण घ्यायचं, आणि मगच तोंड उघडायचं. नाव न घेता कविता म्हणणारा चोर. आणि कविता म्हणायची नसताना कवीचं नाव घेत हिंडणारा रिकामटेकडा. मी काही इथे त्यांची कविता म्हणणार नाही, तेव्हा नावाचाही प्रश्न मिटला.

या नियमावरून मी त्यांना माझ्या मामाची गोष्ट सांगितली होती. आमच्याकडे भीमगीतात कवीचं नाव शेवटच्या कडव्यात गुंफलेलं असतं. मामाची गायन पार्टी होती. तो दुसऱ्यांची गाणी बिनदिक्कत गायचा आणि शेवटच्या कडव्यात त्या बिचाऱ्याचं नाव काढून स्वतःचं कोंबायचा. मामाचं नाव लांबलचक, ते काही चालीत बसायचं नाही, मग हार्मोनियमवाला जोरात भाता मारून वेळ मारून न्यायचा. हे ऐकून घरमालक इतके हसले की त्यांना खुर्ची धरावी लागली. हसून झाल्यावर एकदम गंभीर झाले. म्हणाले, "म्हणून नाव आधी हवं. शेवटी ठेवलं की चोराला वाट मिळते."

ते मला 'अदेर' म्हणायचे आणि मीही त्यांना 'अदेर'च म्हणायचे. त्यांच्या भाषेत अदेर म्हणजे काका. पुतणीने काकाला काका म्हणावं हे ठीक, पण काकाही पुतणीला 'ए काका' अशीच हाक मारतो, ही त्यांची रीत. पहिले काही दिवस मला वाटलं म्हातारबुवांचा गोंधळ होतोय. मग ती रीत इतकी अंगवळणी पडली की फोनवर मी माझ्या भाचीला 'अगं मावशी' म्हणाले आणि तिकडे नागपुरात बहिणीने डोक्याला हात लावला. नवऱ्याला मात्र नातं मिळालं नाही. त्याचं नाव त्यांनी 'चष्मा' ठेवलं, आणि ते तोंडावर वापरायचे. सोमाली माणसांत टोपणनाव तोंडावरच वापरतात, मागून वापरणं असभ्य. "चष्मा, तुझं पार्सल आलंय," अशी हाक जिन्यातून यायची. भातात केळं कुस्करून खायला त्यांनी चष्म्याला शिकवलं, हा त्या दोघांमधला एकमेव सांस्कृतिक व्यवहार.

त्यांचं बालपण उंटांमागे गेलं. विहिरीवर उंटांना पाणी पाजताना म्हणायची गाणी असतात, त्यातून कविता सुरू झाली. पुढे ते रोमला गेले आणि तिथे बरीच वर्षं राहिले. मग देशात लढाई पेटली, परतीचं दार बंद झालं आणि ते लंडनला आले. इथे त्यांनी निवृत्त होईपर्यंत बस चालवली, लाल, डबल डेकर. त्यांच्या बऱ्याचशा मोठ्या कविता स्टिअरिंगवर झालेल्या आहेत. सिग्नल लाल झाला की ओळ अडायची आणि हिरवा झाला की सुटायची, असं ते सांगत. मला ते खोटं वाटतं, पण त्यांच्या तोंडून छान वाटायचं. निवृत्तीनंतर दुसऱ्याने चालवलेल्या बसमध्ये बसणं त्यांना जमेना. ते ड्रायव्हरच्या शेजारी दांडा धरून उभे राहायचे आणि प्रत्येक ब्रेकला सुस्कारा टाकायचे. ईलिंग रोडवर भाजीला जाताना मी त्यांच्यासोबत बसने जाणं बंद केलं. चालत जायचो.

चार भाषा त्यांना लिहिता येत होत्या, पण कविता त्यांनी कधी कागदावर उतरवली नाही. झालेली कविता ते माणसाला द्यायचे. एक कार्डिफचा खलाशी होता, एक जिबुतीचा शिक्षक, एक टोरांटोला दुकान चालवणारा. अशी त्यांची माणसं जगभर पसरलेली, आणि प्रत्येकाच्या डोक्यात त्यांच्या कविता शब्दन् शब्द. एका दुपारी फोन आला, त्यांनी तो बराच वेळ ऐकला, आणि मग जिन्याखाली येऊन मला म्हणाले, "अदेर, माझं एक पुस्तक टोरांटोत वारलं." मी चहा केला. दुधाचा, लवंग-वेलदोडा घातलेला, त्यांना आवडतो तसा.

फोनवर रेकॉर्ड का करत नाही, हे मी एकदा विचारून पाहिलं. "फोनला लाज नसते," ते म्हणाले. "तो कुणालाही म्हणून दाखवतो. नाव घेत नाही, समोरचा माणूस कोण ते बघत नाही."

युरोपात त्यांना मान होता. रॉटरडॅम, स्टॉकहोम, कुठून कुठून बोलावणी यायची. युनिव्हर्सिटीतल्या एक बाई त्यांच्या कवितांचं इंग्रजी करायच्या. लंडनमधल्या एका कार्यक्रमाला मी गेले होते. रिवाज असा की कवी आधी आपल्या भाषेत म्हणतो, मग भाषांतर वाचतात. यांनी उलटं करायला लावलं. "अर्थ आधी उरकून घ्या," ते माइकवरूनच म्हणाले. "लोक अर्थाची वाट बघत बसतात आणि कविता निघून जाते." बाईंनी अर्थ उरकला, मग हे उभे राहिले, आणि सभागृहात पानही हललं नाही. नंतर प्रश्नोत्तरांत एका गृहस्थाने विचारलं की तुम्ही स्वतःला आफ्रिकेचे समजता की युरोपचे. असल्या प्रश्नाला लोक डोळे मिटून लांबलचक उत्तरं देतात. हे म्हणाले, "उंटाला विचारा, तू विहिरीचा की चाऱ्याचा," आणि खाली बसले.

अर्थाशिवाय ऐकण्यावर त्यांचा विश्वास होता, त्याला कारण आपला हिंदी सिनेमा. त्यांच्या देशातल्या हर्गेसा शहरातल्या उघड्या थिएटरात त्यांनी तरुणपणी असंख्य हिंदी चित्रपट पाहिले. गाणी सगळी पाठ. एकाही गाण्याचा अर्थ माहीत नाही. मी एकदा एका विरहगीताचा अर्थ सांगायला गेले तर त्यांनी कान झाकून घेतले.

हे सगळं गमतीगमतीत चालू असताना एका रविवारी कांदे चिरता चिरता त्यांनी बहिणीचा विषय काढला. त्यांना एक धाकटी बहीण आहे हेच मला तोवर माहीत नव्हतं.

लढाईच्या काळात त्यांची आई निर्वासितांच्या छावणीत वारली. जवळ फक्त ही बहीण होती. हे त्या वेळी रोममध्ये होते. बातमी कळल्यावर यांनी आईवर कविता केली. त्यात शेवटी असं आहे की कवी ओंजळीतून आईच्या ओठांना पाणी लावतो. ती कविता कुणीतरी कॅसेटवर उतरवून घेतली आणि ती वाऱ्यासारखी पसरली. छावण्यांत, चहाच्या टपऱ्यांवर, कॅनडात, स्वीडनमध्ये, सगळीकडे माणसं ती ऐकून रडली. बहिणीने ती हर्गेसात एका टॅक्सीत ऐकली. आईला पाणी तिने पाजलं होतं. आईला पुरण्याची व्यवस्था तिने केली होती. ती टॅक्सी थांबवून उतरली, आणि त्या दिवसापासून भावाशी एक अक्षर बोलली नाही. यांनी फोन केले, माणसं पाठवली, दोन वेळा स्वतः दारात जाऊन उभे राहिले. दार उघडलं नाही.

"तुम्ही तिथे नव्हता, मग तसं का म्हणालात?" मी विचारलं.

"कवितेला हात हवा होता," ते म्हणाले. "मी माझा ठेवला."

मग म्हणाले की सुटलेली कविता परत बोलावता येत नाही, तिच्या मागे दुसरी पाठवावी लागते. ती दुसरी आता झाली होती. त्या पाण्याबद्दलच होती, एवढंच त्यांनी सांगितलं. बहीण ग्लासगोला मुलीकडे राहायला आली होती. आणि माझ्या ऑफिसने मला पुढच्याच महिन्यात क्लायंटच्या टेस्टिंगसाठी ग्लासगोला पाठवायचं ठरवलं होतं, हे मीच दोन दिवसांपूर्वी बडबडून बसले होते.

मी म्हणाले, "अदेर, मला तुमची भाषा येत नाही."

"म्हणूनच तू. माझी माणसं गेली तर रदबदली करतात. एक ओळ म्हणतात आणि पुढे चार वाक्यं माझ्या वतीने हात जोडतात. जिला अर्थ कळत नाही ती मध्यस्थी करणार नाही. आणि तुला पाठ करता येतं, हे मी पहिल्या दिवशी पाहिलंय."

महिनाभर माझी शाळा चालली. ते एक ओळ म्हणायचे, मी मागून. चुकलं की पहिल्यापासून. मी भांडी घासताना, कपडे वाळत घालताना, चष्मा शेजारी उभा राहून मुद्दाम क्रिकेटबद्दल बोलत असताना. नुसते शब्द काही केल्या माझ्या डोक्यात राहीनात, मग मी ते वंदनेच्या चालीवर बसवले आणि भराभर जमू लागलं. आपल्या आयुष्यातली सर्वात अवघड कविता पालीच्या सुरात ऐकून ते क्षणभर दचकले. मग म्हणाले, "चाल कुणाचीही असू दे. शब्द हलता कामा नये." अडचण एकच झाली. वंदना संपली की आम्ही 'साधु, साधु, साधु' म्हणतो. चाल तीच, त्यामुळे कविता संपली की माझ्या तोंडून ते आपोआप निघायचं. ते कपाळाला हात लावायचे. "ते शेपूट काप," म्हणायचे. मी कापलं, असं मला वाटत होतं.

ग्लासगोत काम संपवून मी त्या पत्त्यावर गेले. दार घरमालकांच्या भाचीने उघडलं, ती लहानपणापासून नातेवाइकांकडे तिथेच वाढलेली, तिथल्या इस्पितळात नर्स. तिच्या मागे म्हातारी उभी होती, उंच, भावाचंच नाक. मी सलाम केला आणि आणखी काही बोलण्याआधी नाव घेतलं, पूर्ण, बापाच्या आणि आजोबांच्या नावासकट. म्हातारीचा चेहरा दगड झाला. ती काहीतरी म्हणाली. भाची इंग्रजीत म्हणाली, "सॉरी, तिला त्या माणसाचं काही ऐकायचं नाही." पण नाव घेतल्यावर थांबायचं नाही, अशी मला सक्त ताकीद होती. उघड्या दारात माझे हात आपोआप जोडले गेले आणि मी सुरू केलं.

दार बंद झालं नाही. मी ओळीमागून ओळ म्हणत गेले. माझा गळा स्थिर होता, हे मी अभिमानाने सांगते. अर्ध्यावर म्हातारीने चौकटीला हात टेकला. शेवटची ओळ झाली, मी श्वास घेतला, आणि तोंडातून निघून गेलं: साधु, साधु, साधु.

भाचीने भुवया वर केल्या. मला जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. म्हातारी मात्र तशीच बघत होती. मग तिने मला मनगटाला धरून आत नेलं, सोफ्यावर बसवलं, मुलीला चहा करायला सांगितला आणि स्वतः आतल्या खोलीत गेली. चहा झाला, दुसरा झाला. ती बाहेर आली, माझ्यासमोर बसली आणि म्हणू लागली.

कवितेला उत्तर कवितेनेच द्यायचं, हे मला माहीत होतं. बायकांची त्यांची वेगळी वृत्तं असतात आणि त्यात ही बाई आपल्याला हरवेल, असं घरमालक म्हणालेही होते. मी पर्समधून फोन काढला तर तिने ताटात पाल पडल्यासारखं त्याच्याकडे पाहिलं. मी तो परत ठेवला. मग तिने एकेक ओळ माझ्याकडून म्हणून घेतली. चुकलं की पहिल्यापासून. भाऊ-बहीण एकाच शाळेतले. शेवटची ओळ झाल्यावर तिने थांबून, नीट आठवून, स्वतःच्या उच्चारात जोडलं: साधु, साधु, साधु. तिला ते भावाच्या कवितेतलंच वाटलं होतं, आणि उत्तर त्याच घाटाचं असायला हवं होतं. मी हसू गिळलं आणि तेही पाठ केलं.

मी अर्थ विचारला. भाचीने तोंड उघडलं, तर म्हातारीने हात वर करून तिला गप्प केलं. जिन्यात सोडायला आली तेव्हा भाची हळूच म्हणाली, "खरं सांगू, मलाही निम्मंच कळलं, फार जुने शब्द आहेत. त्यात पाणी आहे, एवढं नक्की."

ग्लासगो ते लंडन सबंध ट्रेनमध्ये मी पुटपुटत होते. शेजारचा माणूस उठून दुसरीकडे गेला. नवऱ्याचा फोन आला. "झालं का गं? काय म्हणाली? इज शी ओके विथ हिम?" मी म्हणाले, "बोलू नकोस, मी भरलेली आहे, सांडेन," आणि कट केला. डोक्यात काठोकाठ एक कविता, आणि ती माफी आहे की शाप, हे मला ठाऊक नाही. ज्या माणसावर माझी इतकी माया जडली होती त्याला मी काय नेऊन देणार होते? मला भीती वाटत होती. शब्द बदलता येत नव्हता, कारण कुठला शब्द वाईट तेच माहीत नव्हतं.

संध्याकाळी घरी पोचले. ते स्वयंपाकघरात उभे होते, अंगात कोट. कार्यक्रमाला जाताना घालायचे तो. बसा म्हटलं तर बसले नाहीत. मी घाईघाईने पहिली ओळ सुरू केली.

त्यांनी हात वर केला. "नाव."

मी थांबले. मग बहिणीचं नाव घेतलं, पूर्ण. तिचं, मग बापाचं, मग आजोबांचं. घेता घेता माझ्या लक्षात आलं की पुढची दोन नावं तीच आहेत, जी मी तिच्या दारात घेतली होती. घरमालकांनी मान खाली घातली. मग मी सगळी कविता म्हटली, शेपटासकट.

"पुन्हा," ते म्हणाले. मी पुन्हा म्हटली. तिसऱ्यांदा म्हणायला लावली तेव्हा ते ओट्याला टेकले होते.

"ते शेवटचे तीन शब्द तुझे आहेत," ते म्हणाले.

मी कबूल केलं, आणि तिने ते तुमचेच समजून परत पाठवलेत, असंही सांगितलं. त्यांनी अर्थ विचारला. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांनी कशाचा तरी अर्थ विचारला. मी म्हणाले, "चांगलं केलंस. बरं झालं. असंच काहीतरी."

ते हसले, आणि मग खुर्चीत बसले. मला राहवेना. इथे अर्थ आधी उरकलेला नव्हता, आणि ती कविता एवढी वाट मी डोक्यात वाहून आणली होती. मी विचारलं, "अदेर, ती काय म्हणाली?"

बराच वेळ ते कोटाची बटणं काढत राहिले.

"ती म्हणते, हात माझा होता. पण तोवर आईची नजर गेली होती. ओंजळ ओठांशी नेली तेव्हा तिने विचारलं, हा हात कुणाचा. आणि मी तुझं नाव घेतलं."

मला रडू आलं, आणि मी ते लपवलं नाही. जरा वेळाने मी विचारलं, "पूर्ण नाव?"

"पूर्ण," ते म्हणाले. "बापाचं, आजोबांचं, सगळं. आधी नाव, मग पाणी."